इंजिन बंद करून काढलेला फोटो

लग्नाच्या मांडवावर ड्रोन फिरायला लागले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. दादासो मान्यांचा मळा इस्लामपूरच्या पुढे, नदीकाठच्या आमच्या गावात, आमच्या मळ्याला लागून आहे. यजमान गेल्यानंतरही मी उन्हाळ्यात साताऱ्याहून तिकडे जाऊन राहत असे. त्या वर्षी पोहोचले तर दादासो अंगणात बसून एका विमानाच्या पोटाला ब्लेडने चौकोनी भोक पाडत होते.

विमान थर्माकोलचं आणि हलक्या लाकडाचं, दोन हात पसरावेत एवढ्या पंखांचं. नाकाशी छोटं इंजिन. रिमोटवर उडणारं. सगळं त्यांनी स्वतः केलेलं.

"वैनी, ह्याला डोळा बसवतोय," ते म्हणाले.

"रान मिठानं खाल्लं, तरी ह्यांची भिंगरी सुटंना," आतून त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या.

भिंगरीचा नाद सैन्यातला. विमानविरोधी तोफा चालवणाऱ्या जवानांना नेम धरायला शिकवायचं, तर आकाशात काहीतरी उडायला हवं. ते उडवायचं काम दादासोंचं. जमिनीवर उभं राहून बिनमाणसाचं विमान तोफांसमोरून न्यायचं. "दुसऱ्यांची इमानं खाली उतरली की शाबासकी, आमचं फुटलं की टाळ्या," असं ते सांगत. निवृत्तीनंतर गावी येऊन ते हौसेने लहान विमानं करू लागले. पण या वेळचं विमान हौसेचं नव्हतं.

दादासो आणि त्यांचे थोरले भाऊ आकाराम यांची रानं शेजारी शेजारी. वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून दोघांच्याही रानात मीठ वर येऊ लागलं होतं. बांधाच्या दोन्ही अंगांना पांढरे पट्टे पडले होते आणि दरवर्षी ते रुंदावत होते. उपाय एकच. जमिनीखाली भोकाचे पाइप पुरून साचलेलं पाणी नदीकडे काढून द्यायचं. मुख्य पाइप जायला हवा जुन्या ओढ्याच्या वाटेने, कारण पाणी आपसूक तिकडेच ओढ घेतं. हा ओढा त्यांच्या वडिलांनी बुजवून रान सपाट केलं, तेव्हा दोघं भाऊ लहान होते. दादासो म्हणत ओढा थोरल्याच्या रानात होता. आकाराम म्हणत, धाकट्याच्या. ज्याच्या रानातून मोठा चर जाणार, त्याचं वर्षाचं पीक गेलं. यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. पाइपांचं काम घेतलेल्या इंजिनिअरने सांगून टाकलं होतं, की पावसाळ्याआधी दोघांनी मिळून जागा दाखवावी, नाहीतर पाइप पुढच्या गावाला जातील.

"बुजवला तरी ओढा जातोय कुठं?" दादासो म्हणाले. "खालच्या पाण्याची वल वरनं दिसती. लष्करात असले फोटो लय बघितल्यात."

मी विचारलं, उपग्रहाचे नकाशे असतात ना हल्ली? त्यांनी इस्लामपूरला सायबर कॅफेत पाहिले होते. सगळा गाव एका ढगाखाली.

विमानाला फोटो काढायची वेळ कशी कळणार, हे मला समजेना. त्यांनी रिमोटची दांडी सरकवली. कॅमेऱ्याशेजारी बसवलेली छोटी मोटर फिरली, तिच्या टोकाची तार खाली आली आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं. माझ्या गुडघ्यांचा स्पष्ट फोटो निघाला. मग त्यांनी दोन्ही पंखांखाली माझी दोन बोटं धरायला लावली. कॅमेऱ्याच्या वजनाने शेपूट खाली गेलं. बॅटरी काढून त्यांनी पार नाकाशी नेली, तसं विमान तराजूच्या दांडीसारखं बोटांवर आडवं राहिलं.

पहिल्या उड्डाणाचे फोटो पाण्यातून पाहावेत तसे लहरी आले. इंजिनाची थरथर. दादासोंनी कॅमेऱ्याभोवती स्पंज भरला, खाली जुन्या स्लिपरचं रबर दिलं. थोडा फरक पडला, पण बांध कुठला आणि सरी कुठली, हे काही कळेना.

"जरा हळू उडवा की," मी म्हटलं.

"हात ऐकत न्हाईत, वैनी. हळू जाणारं टारगेट म्हंजे पोरांची फसवणूक."

दोन दिवस ते नुसते विमानाकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "थरथर इंजिनाची हाय न्हवं? मग फोटोच्या वक्ताला इंजिनच बंद करू."

"आणि परत चालू?"

"वर गेल्यावर न्हाई हुत. तरंगत यील तेवढं यील."

खारवलेल्या रानात काही उगवत नसल्याने उतरायला जागा होती. पण तीन बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस. त्यात विमान पडलं, तर तोड येईपर्यंत सापडायचं नाही. दुसरं विमान करायला पावसाळ्याआधी वेळही नव्हता.

सकाळचं ऊन तिरपं असताना त्यांनी विमान सोडलं. दोन घिरट्या घालून ते उंच चढलं, आणि आवाज थांबला. एवढा वेळ कानात भरलेली घरघर गेल्यावर मला पलीकडच्या मोटारपंपाचं पाणी पडताना ऐकू आलं. विमान रानावरून सरकत होतं. दादासोंचा अंगठा दांडी पुढे-मागे करत होता. उसाच्या शेंड्यांवरून ते इतकं खाली आलं, की शालूबाईंनी तोंडाला पदर लावला. मग पांढऱ्या मातीत पोटावर घसरत थांबलं.

इस्लामपूरच्या फोटो स्टुडिओत मोठ्या पडद्यावर फोटो उघडला. खारवट रानातून काळपट ओलसर पट्टा वळसे घेत गेलेला, शाईची रेघ पाण्याने फिकट व्हावी तसा. वरच्या कोपऱ्यात थोडा आकारामांच्या रानात. मग बांध ओलांडून पुढे सगळाच्या सगळा दादासोंच्या रानात. मिठाने अजून न धरलेला जो चांगला तुकडा होता, बरोबर त्याच्या मधून.

फोटोची छापील प्रत घेऊन आम्ही एसटीने परतलो. घरी आल्यावर शालूबाई म्हणाल्या, "कुणी बघितलाय? इमान उसात पडलं म्हणायचं."

"मी बघितलाय," दादासो म्हणाले.

"आवं, एवढंच रान उरलंय खायापुरतं."

"चर न्हाई पडला तर तेबी उरत न्हाई. मीठ थांबतंय व्हय कुणाच्या बांधावर?"

संध्याकाळी ते फोटो घेऊन भावाच्या दारात गेले. मला बरोबर नेलं. मी असले की दोघं आवाज चढवणार नाहीत, असा हिशेब असावा. आकारामांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. ओढ्यावरून बोट फिरवलं नाही. ते बांधावरच्या एका ठिपक्याशी थांबलं.

"ह्यो कोण रं?"

दादासोंनी वाकून पाहिलं. बांधावर एक माणूस, मान वर करून, एक हात डोळ्यांवर धरलेला.

"तूच की," दादासो म्हणाले. "चोरून बघतुयास व्हय माझं इमान?"

"चोरून कशाला? रोजची घरघर एकाएकी बंद झाली. म्हटलं पडलं आता उसात. कुठं पडतंय त्येवढं बघायला धावलो."

"म्हंजे सांगितलं असतंस?"

"शालूबाईकडं निरोप धाडला असता. तुझ्याशी कोण बोलतंय?"

आकारामांच्या पत्नीने चहा आणून ठेवला. आकारामांनी आता ओढ्यावरून बोट नेलं. "बघ, मी म्हनत हुतो. आमी म्हशी धुवायचो ते ह्या वळणावर. तुझ्यातच."

"वरचा कोपरा बघ आदी. त्यो कुणाचा?"

"कोपरा सोड. कोपऱ्यात म्हस तरी मावंल का?"

"तुझी मावायची न्हाई. लय खायाची."

चहा निवला, तरी दोघं म्हशीवरच होते. मग आकाराम सहज बोलावं तसे म्हणाले, "चर पडला की औंदा तुझं पीक गेलं. माझ्या पंपाकडच्या वावरात निम्म्यात तू लाव. उद्या इंजिनिअरला मीच फोन करतो."

दादासोंनी मान हलवली. फोटो परत घ्यायला हात पुढे केला, पण आकारामांनी तो सोडला नाही.

चर ज्येष्ठात पडला. मी मुद्दाम थांबले होते. छातीएवढं खणल्यावर काळ्या मातीखाली वाळू लागली, वाळूत गुळगुळीत गोटे आणि शिंपले, आणि बघता बघता खड्ड्याच्या तळाशी पाणी गोळा होऊन नदीच्या बाजूला चालू लागलं.