पुतळाच्या नावाची ओळ

कोन गावची राहीबाई माझी थोरली जाऊ, आणि आमच्या आगरी वस्तीची धवलारीण. आमच्यात लग्न लागतं ते तिच्या गाण्यानं. देवांना, पितरांना ती गाऊन मांडवात बोलवायची आणि मी आक्का तिच्या मागे ओळ झेलायची, म्हणजे तीच ओळ पुन्हा म्हणायची. झेललेली ओळच खरी धरतात. एकटीनं म्हटलेली वाऱ्यावर गेली.

गाणं ती भाताच्या लावणीत शिकली, मावशीच्या मागे चिखलात वाकून. पुढे स्वतःच जोडायला लागली. भिवंडीत लूम वाढले तर लूमवर गाणं, नवऱ्याच्या रातपाळीवर गाणं! हळदीला बाया तीच मागायच्या, हसून हसून लोळायच्या. पण मावशीनं बजावलं होतं, हळदीला काय वाटेल ते गा, धवल्यात, लग्न लावायच्या गाण्यात, पदरचा शब्द घालशील तर खबरदार.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात पूर्णा गावच्या बाळारामच्या लेकीचं, कमळाचं लग्न होतं. कमळाची आई पुतळा राहीबाईची जिवाची मैत्रीण. कमळाला जन्म देतानाच गेली बिचारी. बाळंतपणात गेलेल्या बाईचं नाव शुभकार्यात कुणी काढत नाही. नाव घेतलं की ती येते, आणि रिकाम्या हाती परतत नाही म्हणतात. बापानंही घरात ते नाव कधी उच्चारलं नव्हतं.

पितरांची पाळी आली. हळदीनं माखलेल्या कमळानं मान वर केली. हुबेहूब पुतळा! राहीबाई अडखळली आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

‘ये गो पुतळे, मांडवाशी ये,
लेक तुझी हळदीनं न्हाली, बघून घे.’

आणि मी मूर्ख! सवयीनं झेललीसुद्धा. वाजंत्र्यांच्या गोंधळात कुणाला कळलं नाही, पण आम्हा दोघींना कळलं.

घरी येताना ती एवढंच बोलली, “आक्का, मी पोरीचा जीव घेतला गो.”

“गप बस. काय पन बोलू नको,” मी खेकसले. पण त्या रात्री मीही जेवले नाही.

कमळा खारबावला नांदायला गेली. भाद्रपदात कळलं, तिला दिवस गेलेत. राहीबाईनं गाणंच सोडलं. बोलावणी यायची, ती घसा बसलाय म्हणून परत पाठवायची. खारबावचं माणूस दिसलं की आधी कमळाची खबर विचारायची, मग बस म्हणायची. मला राग यायचा तिचा, आणि रागाच्या खाली भीतीच असायची.

फाल्गुनात भर दुपारी कमळाचा नवरा केसरीनाथ सायकल मारत दारात आला. शर्ट घामानं भिजलेला. “कालपासून कळा देतेय, सुटका न्हाय होत. राहीकाकीला आन म्हनते.”

राहीबाई मागं सरून घरात शिरली. “कमळाला कळलाय,” ती पुटपुटली. “मला जाब विचारनार हाय ती.”

मी तिला ओढतच एसटीत घातलं. सगळ्या वाटेत तिनं माझं मनगट सोडलं नाही.

खोलीत कमळा पांढरीफटक पडली होती. सुईण नजर चुकवत होती. कमळानं राहीबाईचा हात धरला.

“काकी, माझ्या आयेला हाक मार. लग्नात मारलीस तशी.”

राहीबाईनं हात सोडवून घेतला. “नको गो बाय. ती तुला न्यायला येल.”

“आयेचं नाव मी पयल्यांदा तुझ्याच तोंडून ऐकलं. एवढी वर्सं कुनी सांगितलंच न्हाय मला.” तिला कळ आली, ती ओठ चावून थांबली. “ती माझी आय हाय, काकी. तिला भ्यायचं कशाला?”

राहीबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. देवाशपथ सांगते, मी नकोच म्हटलं होतं. तिनं डोळे मिटले आणि म्हटलं, “ये गो पुतळे...” सहा महिन्यांत पहिल्यांदा तो आवाज निघाला, फाटका, घाबरलेला. आता झेलायची पाळी माझी. मी झेलली नाही. एकटी ओळ तशीच लोंबकळत राहिली.

ती कमळानं झेलली. खाटेवरून, दात आवळून, आईचं नाव घेत पुन्हा पुन्हा झेलली.

दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली. दोघी जगल्या.

राहीबाई पुन्हा गायला लागली. ज्या नवरीला आई नाही, तिच्या मांडवात ती आता त्या आईला नावानं बोलावते. मला अजून भीती वाटते. तरी मी झेलते.