बाईंनी लावून दिलेलं सेटिंग

शाळांचं वेळापत्रक लावायचं एक सॉफ्टवेअर मी कोल्हापुरात घरच्या वरच्या खोलीत बसून तयार केलं. त्यातल्या सेटिंगवर माझा फार जीव. तास किती मिनिटांचा, सुट्टी कधी, अक्षर केवढं, काय हवं ते बदलता यायचं. सगळे पर्याय एकाच लांबलचक यादीत, मला सुचत गेले त्या क्रमानं.

गारगोटीच्या एका शाळेनं ते घेतलं. तिथं वेळापत्रक बघणाऱ्या बाईंचा दर दोन दिवसांनी फोन यायला लागला. शेवटी मी एसटीनं गेले, त्यांच्या शेजारी बसले. मध्ये बोलायचं नाही, नुसतं बघायचं, असं ठरवलं होतं.

त्यांना शनिवारची शाळा सकाळची करायची होती. यादी खाली नेली, वर आणली. चष्मा काढून पुसला. तरी सापडेना. मला बघवेना, म्हणून बोट ठेवून दाखवलं : ‘वारनिहाय कालावधी अपवाद’.

“असलं नाव कुणी ठेवलंय?”

“मीच.”

“तू बोलताना काय म्हणतीस ह्याला?”

“शनिवारची शाळा.”

“मग तेच लिही की.”

दुपारभर आम्ही यादी घेऊन बसलो. रोज लागतं ते वर, जूनमध्ये एकदाच लागतं ते वेगळ्या पानावर. तक्त्याच्या चौकटीसाठी रेषांचे सात प्रकार मी हौसेनं केले होते. “मला कधी लागलं न्हाईत,” बाई म्हणाल्या. अक्षराचा आकार मी आत ढकलायला निघाले, तर त्यांनी हात धरला. “ते म्होरंच ठेव. शिपाईमामा घंटा द्यायला फळ्यावर लावलेला कागद लांबनं वाचत्यात.”

घरी येऊन तीन आठवडे मोडतोड केली. रेषा काढून टाकताना जिवावर आलं. नवीन सॉफ्टवेअर पाठवलं आणि बाईंचे फोन यायचे बंद झाले. महिना गेला. वापरायचंच सोडलं की काय, म्हणून मीच फोन लावला.

“चालतंय की,” बाई म्हणाल्या. “चंदगडला माझी नणंद हाय शाळेत. तिनं पण घेतलंय न्हवं? तिला फोनवरनं सगळं लावून दिलं मी. तुला कशाला त्रास?”

फोन ठेवून मी खाली आले आणि आईला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही. तिनं ते संध्याकाळी शेजारणीला सांगितलं, ‘शनिवारची शाळा’पासून नणंदेपर्यंत, काही न चुकता, आणि मी आतून ऐकत उभी राहिले.