ड कुंडीची रेघ

लासुर्ण्याच्या दूध संकलन केंद्रावर अनिता नऊ वर्षं झाली मशीनवर दुधाची फॅट मोजते आहे. शिक्षण दहावी, तेही गावच्याच शाळेत. पहाटे साडेपाचला देवपूजा उरकून ती सहाला केंद्रावर हजर असते. फॅट जास्त, तर दुधाला दर जास्त; मशीन दाखवील तो आकडा वहीत उतरवायचा, एवढंच तिचं काम, आणि त्यात ती कुणाचं ऐकत नाही. गावातलं मोठं प्रस्थ असलेले दादासाहेब एकदा रांगेतल्या सगळ्यांदेखत म्हणाले होते, "अनिता, तीन एकचं तीन आठ लिवलं, तर मशीन काय तुझ्यासंगं भांडणार हाय का?"

"मशीन न्हाय भांडणार, दादासाहेब. पण तुमच्या गायीला मी काय सांगू?"

रांग हसली. दादासाहेबांनी पुढं महिनाभर तिला रामराम घातला नाही. तिनंही तो मागायला हात पुढं केला नाही.

तिची पोरगी प्राची सातवीत. डिसेंबरात शाळेनं विज्ञान प्रदर्शनासाठी प्राचीचा प्रयोग निवडला. मक्याला पाणी किती लागतं, हा तो प्रयोग. चार कुंड्या, चारींत सारखी माती, सारखं बी. अ कुंडीला रोज दोन पेले पाणी, ब ला एक, क ला अर्धा आणि ड ला पाव पेला. संध्याकाळी शाळेतून आली, की प्राची आधी पट्टी लावून रोपांची उंची मोजायची, वहीत लिहायची आणि मग पाणी घालायची. पंधरा दिवस तिनं एकही नागा केला नाही. प्रदर्शन इंदापूरला होतं. तिथं पहिला नंबर आला, की पुढं जिल्ह्याला जायला मिळणार होतं. पोरीनं तेवढंच मनात धरलं होतं.

सोळाव्या दिवशी तिनं आलेखाचा मोठा कागद ओसरीवर पसरला. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर उंची, वरच्या कोपऱ्यात प्रमाण. चार कुंड्यांच्या चार रंगांत रेघा. वहीत आकडे एकाखाली एक गुमान बसलेले होते, तेव्हा कुणाला काही दिसलं नव्हतं. कागदावर मात्र लगेच दिसलं. अ ची रेघ सुरुवातीला चढली आणि मग बसली, कारण जास्तीच्या पाण्यानं तो मका पिवळा पडला होता. ब ची रेघ सगळ्यांत वर गेली. क ची मधून. आणि ड ची हिरवी रेघ आठ दिवस जमिनीला चिकटून सरपटली, नवव्या दिवसापासून एकदम उठली आणि चौदाव्या दिवशी क ला मागं टाकून गेली.

"असं कसं?" प्राची म्हणाली. "पाव पेल्यावर हे कसं काय वाढलं?"

चहाचे कप उचलायला आलेली अनिता तिथंच थांबली. नववा दिवस. तिनं बोटांवर दोनदा मोजलं.

अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे म्हणून त्याच्या आदल्याच दिवशी तुळशीवृंदावन काढलं होतं आणि तुळस लांब बांधावर नेऊन लावली होती. देवांच्या अंघोळीचं पाणी पायदळी जाऊ द्यायचं नाही, झाडाच्या मुळाशीच घालायचं, ही रीत तिला आईनं घालून दिली होती. पहाटेच्या अंधारात बांधापर्यंत कोण जाणार? दारापाशी चार कुंड्या होत्या. तीन ओल्या, एक कोरडी ठाक. कुठल्या कुंडीला किती पाणी, हे तिला ठाऊक नव्हतं; बिचारीला कुणी पाणी दिलं नाही असं वाटून तिनं रोज तांब्यातलं ते पाणी ड कुंडीत ओतलं होतं. पोरगी तेव्हा झोपलेली असायची.

जेवताना तिनं सगळं सांगून टाकलं. प्राचीनं ताटावरून हात काढला.

"मम्मी, तू माझा प्रयोग घालवला."

"व्हय, घालवला. चुकले मी."

सासरे मानसिंगआबा घास गिळून म्हणाले, "आता हे घरात बोललीस ते ठीक हाय. साऱ्या तालुक्यात आपलं येडेपण मांडू नका म्हणजे झालं. खोडरबर न्हाय का घरात?"

"आबा म्हणतात ते बरोबर हाय," तिचा नवरा ऋषिराज म्हणाला. "एक रेघ खाली वढली तर कुणाचं काय बिघडतंय?"

"रेघेचं बिघडतंय," अनिता म्हणाली आणि भाकरी वाढायला उठली.

दुसऱ्या दिवशी ती आलेख घेऊन केंद्रावरून थेट शाळेत गेली. विज्ञानाचे दिग्विजय सर माणूस वाईट नव्हते, पण शाळेचा नंबर चार वर्षांत आला नव्हता. त्यांनी कागद टेबलावर ठेवून हसतच पेन्सिल फिरवली.

"ताई, सोपं आहे. आठव्या दिवसापर्यंत ड जशी वाढली, तशीच पुढं न्यायची. यायला पाहिजे होतं तेच दाखवतोय आपण, खोटं थोडंच आहे?"

"सर, यायला पाहिजे होतं ते आलं न्हाय."

"मग काय लिहू? देवाचं पाणी घातलं म्हणून? विज्ञान प्रदर्शन आहे ते. परीक्षक हसतील."

"देव ऱ्हाऊ द्या बाजूला. पाणी तर खरं हाय ना? रोज अर्धा पेला, सात दिवस. लिहा तसंच. आणि कुणी घातलं म्हणून विचारलं, तर माझं नाव लिहा."

"प्राचीचं नाव ऑनलाइन गेलंय म्हणून," सर पेन्सिल खाली ठेवत म्हणाले, "नाहीतर मी दुसराच प्रयोग नेला असता. करा काय करायचं ते. नंबर गेला तर मला बोलायचं नाही."

त्या संध्याकाळी प्राचीनं आलेख समोर घेतला. हातात खोडरबर होतं. अनिता समोर बसली, पण तिनं ते काढून घेतलं नाही.

"पोरी, कागद तुझा हाय. खोडायचं तर खोड, मी तुझा हात धरणार न्हाय. पण मला तिथं कुणी विचारलं, तर मी खरं तेच सांगणार."

"म्हणजे तू येणारच?"

"येणार."

प्राचीनं खोडरबर बाजूला ठेवलं. मग तिनं हिरवा स्केचपेन घेतला आणि नवव्या दिवसावर एक बाण काढला. बाणापाशी रागारागानं लिहिलं: 'येथून आईने रोज अर्धा पेला जास्त पाणी घातले.' आई हा शब्द कागद फाटेल इतका दाबून लिहिला होता.

इंदापूरला दुपारी परीक्षक त्यांच्या टेबलापाशी आले. चष्मा वर करून त्यांनी नेमकं त्या बाणावर बोट ठेवलं. दिग्विजय सर पुढं सरसावले. "सर, ते जरा घरच्यांकडून अनवधानानं—"

"मी घातलं," पालकांच्या गर्दीतून अनिता बोलली. "देवांच्या अंघोळीचं पाणी. तुळस काढली होती, ते झाडालाच घालायचं असतं."

आजूबाजूची माणसं हसली. कोण्या शाळेची बाई दुसरीला म्हणाली, "घ्या, मक्यालाबी तीर्थ." अनितानं मान वळवून तिच्याकडं नीट बघितलं. ती बाई बघायचं थांबेपर्यंत बघत राहिली.

परीक्षक हसले नव्हते. "किती वाजता घालायचात?" त्यांनी विचारलं.

"साडेपाच. सहाला मी डेअरीवर असते."

"रोज अर्धाच पेला? कमीजास्त?"

"तांब्या तोच, देव तेवढेच. कमीजास्त कशानं होईल?"

त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

नंबर आला नाही. पहिला आला सिरिंजवर चालणाऱ्या जेसीबीचा. त्यातल्या बऱ्याच वस्तू दुकानातून तयार आणलेल्या होत्या, हे सगळ्यांना दिसत होतं. फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघताना दिग्विजय सरांना राहवलं नाही.

"मी सांगितलं होतं, ताई. ती एक रेघ सरळ केली असती, तर आज आपला नंबर असता."

अनिता काही बोलायच्या आतच प्राचीनं आलेखाची गुंडाळी छातीशी धरली.

"असता, सर. पण मग तो मक्याचा आलेख नसता. तुमचा असता."

मोठ्यांशी असं बोलू नये, असं अनितानं म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. तिनं पोरीच्या खांद्यावरचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला.