पूजेच्या दिवसांची गोळी

श्रावणातल्या एका सत्यनारायणात दादाच्या बोटांना अक्षता कळेनाशा झाल्या. माधवगंजातल्या एका जुन्या यजमानांकडे तो पूजा सांगत होता. चिमटीत दाणे आहेत की नाहीत हे त्याला वाकून बघावं लागलं. घरी येऊन म्हणाला, "हातमोजे घातल्यासारखं वाटतंय गं." मी त्याची धाकटी बहीण; आम्ही दोघं या हिंदी बोलणाऱ्या शहरात, दाना ओली नावाच्या गल्लीत राहतो, आणि मी शाळेत भूगोल शिकवते. वहिनी गेल्यापासून त्याचं जेवणखाण आणि दवाखाना माझ्याकडेच आहे. मी म्हटलं, बी-ट्वेल्व्ह कमी असेल. खरं म्हणजे तेव्हा मला आणखी एक डॉक्टर नको होता.

दादाला हिपॅटायटिस बी आहे, हे घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी कावीळ झाली तेव्हा निघालं. तेव्हाच्या डॉक्टरांनी लॅमिवुडिन नावाची गोळी लावून दिली, रोज एक. ती चालू राहिली. पहिली दोन वर्षं आम्ही रक्ताच्या जांचा केल्या, मग दादा म्हणाला, "बरा तर आहे मी." लोकांना विचारलंच तर तो पित्ताचा त्रास सांगायचा. गुरुजींच्या हातून तीर्थ घ्यायचं असतं. लोक काय म्हणतील, ही त्याची धास्ती होती.

पंधरा दिवसांत पाय गेले. किला गेटला टेम्पोतून उतरताना त्याचे गुडघे दुमडले आणि तो रस्त्यावर बसला तो बसलाच. एका फळवाल्याने आणि मी मिळून त्याला उचललं. त्याच दिवशी भरती केलं.

मग पाठीतून पाणी काढलं, रक्त काढलं, नसांमधून वीज सोडून बघितली. मी सकाळी डबा पोचवायची, शाळा करायची, परत यायची. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनीसारख्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली तेव्हाच मी समजले.

"देखिए मॅडम, दवाई वही है, पर वायरस वो नहीं रहा," त्या म्हणाल्या. जुन्या गोळीला चुकवून जाणारा विषाणू आता वाढला होता, रक्तात त्याची संख्या फार होती. पाठीच्या पाण्यातही तो सापडला होता.

"म्हणजे, मतलब, नसों में घुस गया?" मी विचारलं.

"पक्का नहीं कह सकती. हो सकता है शरीर की अपनी फ़ौज ही नसों पर टूट पड़ी हो. दोनों का इलाज करेंगे." मग त्यांनी विचारलं, "गोली कभी छूटती थी?"

"कधीच नाही," असं मी दादाच्या वतीने छातीठोकपणे सांगून टाकलं.

त्याचे कपडे आणायला घरी गेले, तेव्हा देवघराच्या फडताळात गोळ्यांची पाकिटं सापडली. जुनी, निम्म्या गोळ्या तशाच राहिलेली, कितीतरी. संध्याकाळी मी त्याच्या उशाशी बसून विचारलं.

"पूजा सांगायची असली की कार्य संपेपर्यंत तोंडात पाणी घालत नाही मी. गोळी सकाळची. मग राहून जायची."

"आणि श्रावणात?"

"श्रावणात रोजच कोणाकडे तरी असायचं."

मला ओरडायचं होतं. बाजूच्या खाटेवरचा माणूस ऐकत होता, आणि माझ्यात तेवढं त्राणही नव्हतं. मी त्याचे पाय चेपायला घेतले. "दाबते आहेस का?" त्याने विचारलं. मी चांगला जोर लावून दाबत होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, गोळ्या चुकल्याने नुकसान झालंच असेल, पण ही जुनी दवाई बरीच वर्षं घेतली की नेमाने घेणाऱ्यांचंही असं होतं. वेळेवर जांच झाली असती तर आधीच बदलता आली असती. म्हणजे दोष त्याचा, माझा, की औषधाचा, याचा निकाल लागलाच नाही. निकाल लागला असता तर बरं झालं असतं, कोणावर तरी चिडता आलं असतं.

टेनोफोव्हिर नावाची नवी गोळी सुरू झाली. नसांसाठी शिरेतून औषध दिलं. माझीही तपासणी झाली, मी सुटले, लस टोचून घेतली. दादाला घरी आणल्यावर सकाळ-संध्याकाळ व्यायाम: टाच उचल, खाली, टाच उचल. तो करायचा, मी मोजायची, आणि मोजता मोजता दोघंही अंक विसरायचो.

दिवाळीनंतर माधवगंजचे यजमान भेटायला आले. मी पित्ताचं सांगणार, तेवढ्यात दादाच बोलला. "मला यकृताचा विषाणू आहे. तो रक्तातून लागतो. जेवणातून, तीर्थातून नाही लागत. पण तुम्हाला ठीक नाही वाटलं तर दुसरे गुरुजी बघा."

यजमानांच्या हातात चहाचा कप होता. ते म्हणाले, "अहो गुरुजी, आराम करा सध्या." चहा त्यांनी प्यायला. पुढच्या पूजेला मात्र दुसरे गुरुजी होते. दादाला ते शेजाऱ्यांकडून कळलं. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र बोलावणं पाठवलं: खुर्चीवर बसून सांगा, देवाला चालेल. तो काठी टेकत गेला. आता महिन्याकाठी अशी दोन-तीन घरं उरली आहेत. पायांच्या बोटांत जाणीव आलेली नाही, ती येईल असं कोणी म्हणतही नाही.

परवा वर्षभरानंतरच्या जांचेचा कागद आला. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "वायरस दिख ही नहीं रहा." गोळी मात्र जन्मभर, आणि जांच दर सहा महिन्यांनी. दादाने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि बाकावर बसून डोळे पुसले. मला रडू आलं नाही. शाळेत फोन करून मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, त्याला घरी सोडलं, आणि भर दुपारी, साडी न बदलता, सहा वाजेपर्यंत झोपले.