एका कॅनचं पाणी

माझी बायको मेली तेव्हा गावातल्या बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं, आणि एकेक जण येऊन मला सांगे, "भाग्याची होती हो. अहेव गेली." मी ऐकून घेतलं. तेरवीपर्यंत माणूस ऐकूनच घेतो. आता लिहायला बसलो आहे तर लिहितो. कसलं डोंबलाचं भाग्य? उन्हात वाकून वाकून बाईची कंबर गेली, तापाने फणफणत ती दवाखान्याच्या व्हरांड्यात पडून राहिली, आणि नवऱ्याच्या आधी मेली म्हणून भाग्याची! मग मागे राहिलेला मी कोण? मला तर कोणी काही पुसायला लावलं नाही. तीच टोपी घालतो, त्याच पारावर बसतो, पंगतीत पहिलं पान मलाच वाढतात.

चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे. गोड लागणार नाही.

आमचं वावर थोडं. घरचं निंदण झालं की बायको टोळीसोबत दुसऱ्याच्या वावरात जायची. टोळीत प्रत्येक बाई आपली पात धरते. पात म्हणजे पिकाच्या दोन-चार तासांचा, म्हणजे ओळींचा, पट्टा, या बांधापासून त्या बांधापर्यंत. माझ्या बायकोची पात आणि तिच्या जोडीदारणीची पात कायम लागून. दोघींत पाण्याचा कॅन एकच, ओलं गोणपाट गुंडाळलेला. एकीने भाकरी आणायची, दुसरीने भाजी. विळ्याला धार लावायची कानसही एकच. जोडीदारीण तरुणपणीच विधवा झालेली. माझी बायको माझ्याशी जेवढं बोलली नसेल तेवढं तिच्याशी बोलली, आणि तेही वाकून, हात चालू ठेवून.

यंदा बायकोची पहिली अविधवा नवमी आली. पितृपंधरवड्यातली ही तिथी नवऱ्याआधी गेलेल्या बायांची. त्या दिवशी मेलेलीच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, म्हणजे जिचा नवरा जिवंत आहे अशी बाई, आणि तिला लुगडं द्यायचं. पोरगा पुण्याहून चार दिवस आधी आला, नोकरी लॅपटॉपात घेऊन. आमच्याकडे रेंज फक्त खिडकीपाशी, आणि खिडकीपाशी त्याच्या मायची बाज. पोराने ती उभी करून भिंतीला टेकवली आणि तिथे टेबल मांडलं. मी दात खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्याने टेबलावर मूठ आपटली.

"काऊन बे? त्या टेबलानं काय केलं तुह्यं?"

"बाबा, तुमाले नाही समजणार."

"नाही समजलं तं तुले सांगतो. बोल."

तो बोलला. टोळीतल्या मायच्या पदराखाली वाढलेलं पोर, त्याला सांगता येतं.

"एका मोठ्या मशीनच्या पोटात पुष्कळ कोअर असतात. कोअर म्हणजे काम करणारे हात समजा. चार-चार कोअरची एक टोळी, अन् तिच्याजवळ तिची साठवण. लागणारं सामान तिथंच भेटलं तं काम झपझप होते. दुसऱ्या टोळीकडून आणा लागलं की गेला टाइम."

"मंग?"

"त्या मोठ्या मशीनचे आमी लहान लहान मशीन करतो. व्हर्च्युअल. खरे नसतात, पण खऱ्यासारखे चालतात. त्याले फक्त सांगतो, तुह्याजवळ इतके कोअर आहेत. कोण कोणाच्या टोळीतलं, ते सांगतच नाही. त्याच्यातल्या मुकादमाले सगळे सारखेच दिसतात. तो एक काम या बांधाले देते, अन् त्याच्या जोडीचं त्या बांधाले."

"म्हंजे तुही माय इकडच्या बांधाले अन् कॅन तिकडच्या."

"हाव!" पोरगा पहिल्यांदा हसला. "म्हून मी त्याले टोळ्या समजावून सांगून राह्यलो."

"मंग मूठ कायले आपटली?"

"सांगितल्या, तं काम पहिल्यापेक्षाही हळू झालं. मी लिहिलं, हे चार एका साठवणीवरचे. अन् खाली खऱ्या मशीननं हातच बदलून टाकले. चार कोअर चार दिशेले. खोटी टोळी सांगण्यापरीस न सांगितलेली बरी, बाबा. मुकादम तिच्यावर भरोसा ठेवते अन् फसते. आता एकेकाले त्याच्या जागेवर खिळून टाका लागते. मंगच लिहिलेलं खरं."

मी तंबाखू मळत ऐकलं. पटलं. खोट्या जोडीने काम बुडतं, हे बांधावर उभ्या राहिलेल्या कोणालाही पटेल.

नवमीच्या आदल्या दिवशी माझी धाकटी बहीण सुलतानपूरहून आली, स्वयंपाकाला. पिशवी ठेवायच्या आधी म्हणाली, "दादा, सवाशिनीची काळजी नको करू. सांगून ठेवली."

"कोण?"

तिने नाव घेतलं. आमच्या वावराला लागून जिचं वावर आहे ती. दरसाल नांगरणीला बांध आमच्याकडे सरकवणारी. तिच्या नवऱ्यापायी मी बुलढाण्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. तिचं नाव निघालं की माझी बायको भाकरी जास्त जोराने थापायची.

"हिले कोणी सांगितलं?"

"मी फोन केला," पोरगा खिडकीपाशी बसून म्हणाला. "आत्यानं सांगितलं तसं पाह्यलं. नवरा जिता, भावकीतली, नवमीले गावात हजर. अजून काय पाह्यजे?"

माझं डोकं फिरलं. "अबे, त्या दिवशी तोंड वर करून काय सांगत होता? सगळे सारखे समजले की काम बुडते! अन् तुह्या मायच्या पाटावर कोण, तं जिचा नवरा जिता आहे ती कोणतीबी? जिच्यासोबत तिनं एका कॅनचं पाणी पेलं, ती कुठं गेली?"

"बाबा, मशीनले रीतभात नसते," पोरगाही तापला. "गावाले असते. मी परवा पुण्याले जाईन. इथं तुमाले राहा लागते."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी चपला घातल्या आणि सरळ त्या बाईच्या दारात गेलो. म्हटलं, "उद्या येऊ नका."

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं नाही. "मीबी येणार नव्हती. पोरगं फोनवर आई आई करून राह्यलं, नाही म्हणवलं नाही. तिच्यासोबत माहा कज्जा होता. तिच्या नावाचा घास माह्या नरड्यातून उतरला नसता."

तिच्यावर रागवायची तयारी करून गेलो होतो. तो रागही तिने फुकट घालवला.

घरी येऊन सांगून टाकलं, "उद्या पाटावर जोडीदारीण बसणार."

बहिणीच्या हातातलं पातेलं खाली आलं. "विधवेले? सवाशिनीच्या पाटावर? डोकं फिरलं का तुह्यं?"

"फिरलं."

"माह्या नवऱ्याले जाऊन किती वर्षं झाले, दादा? या घरात किती सवाशिनी जेवल्या? सगळ्यायले मी वाढलं, अन् मागून चुलीपाशी बसून खाल्लं. मले कधी म्हणला, बस? आज तुही बायको मेली तं तुले विधवा दिसल्या!"

ती रडली नाही. पातेलं उचलून चुलीवर आपटलं. आम्ही एकाच मायच्या पोटचे, राग सारखाच. मी ओरडलो, "तं मंग उद्या तूबी बस!"

"नाही बसत जा!"



नवमीला पोराने टेबल ओट्यावर नेलं, बाज खिडकीपाशी परत टाकली आणि खाली जागा सारवून घेतली. मी विचारलं, "तुह्या मशीनचं काय झालं?"

"चाललं. खिळल्यावर चाललं," एवढंच बोलला. बाहेर त्याचा फोन वाजत होता, तो त्याने वाजू दिला.

दुपारी जोडीदारीण आली, सोयाबीनच्या सोंगणीवरून, म्हणजे कापणीवरून, थेट. डोक्याला फडकं, अंगभर भुसा, खांद्याला कॅन. मी दोन पाट मांडलेले. तिने एक पायाने बाजूला सरकवला.

"भाऊजी, हे उचला. पाटावर बसून आमी दोघी कधी जेवलो? मले गावाच्या तोंडी देता का?"

"मंग उपाशी जाता का?"

"उपाशी काऊन जाईन? बांधावर बसतो तसं बसते." ती भुईवर फतकल मारून बसली. मग चुलीकडे पाहून म्हणाली, "अवो बाई, तुमी तिकडं काय करून राह्यल्या? या इकडं. डाव्या अंगाले बसा. ती डावीकडंच असे."

"मी वाढते," बहीण म्हणाली.

"वाढणारा पोट्टा आहे की. तुमी ती होणार नाही, मले माहीत आहे. मीबी कोणाले ती करत नाही. पण बाजूची पात रिकामी मले पाहवत नाही. सोंगणीले अजून जोडी घेतली नाही मी. बसा."

बहीण माझ्याकडे पाहत होती. मी मान फिरवली. मला वाटलं, आता मी बोललो तर ही परत चुलीपाशी जाईल. काही वेळाने बांगडी नसलेला हात जमिनीला टेकवून ती बसली.

पोराने वडे, कढी, खीर वाढली. जोडीदारणीने वडा मोडला, अर्धा न पाहता डावीकडे टाकला, सवयीने. मग तिचा हात थांबला. बहिणीने तो अर्धा वडा उचलून खाल्ला.

"कढीले मीठ कमी आहे," जोडीदारीण म्हणाली.

"माह्या हातचीच आहे," बहीण म्हणाली.

"म्हून तं तोंडावर सांगितलं." आणि झाकण उघडून कॅन तिच्यापुढे केला.

तेवढ्यात गल्लीतला एक जण दारातून डोकावला. आत पाहिलं, पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय हो, सवाशीन कोण सांगितली यंदा?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. फेकून मारावा असं मनात आलं.

"जेवून राह्यल्या त्या," मी म्हणालो. "उजेड अडवू नको. चाल पुढं."