मंगळावरची पेन्सिलीतली जागा

जागेसाठी मी सातपुरात भांडलो आहे, सिडकोत भांडलो आहे. पण मंगळावरच्या जागेसाठी मला भांडायला लावणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच, आमच्या वरच्या मजल्यावरचे ड्राफ्ट्समनकाका. ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं पट्टीने रेघा ओढून ते निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी घरात पट्टी म्हणून ठेवली नाही. दुर्बिणीतून बघून ते मंगळाचा नकाशा काढत, आणि त्यात सरळ रेघ काढायची नाही, हा त्यांचा कायदा. पूर्वी म्हणे मोठमोठ्या साहेबांना दुर्बिणीतून तिथे कालवे दिसले, त्यांचे नकाशे झाले, आणि मग कळलं की डोळाच सुटे ठिपके जोडून रेघ ओढतो. त्या धास्तीने काका वाण्याची यादीसुद्धा वाकडी लिहीत. दुर्बिणीला डोळा लावण्याआधी ते अर्धा तास अंधारात डोळे मिटून बसत, आणि त्यासाठी जिन्यातला दिवा बंद करत. त्यात मी दोनदा आपटलो.

मंगळावरच्या डागांना जुनी नावं त्यांना चालत नसत. "साहेबांनी त्यांच्या ओळखीच्यांची नावं दिली, मी माझ्या ओळखीच्यांची देतो." त्यामुळे सर्वांत गडद डाग भाजीवाल्या मावशींचा, कारण त्या मापात कधी कमी देत नसत. गोल डाग त्यांच्या मनमाडच्या आत्याचा. टोकावरचा बर्फाचा पांढरा ठिपका दिवसेंदिवस पातळ होत जातो, म्हणून तो आमचा दूधवाला.

दोन हजार तीन साली मंगळ फार जवळ येणार होता. दुर्बिणीची पत्र्याची नळी मी माझ्या वर्कशॉपमध्ये करून दिली आणि मोबदल्यात एक डाग मागितला. मिळाला, आत्याच्या डावीकडे, पुसट, आणि पेन्सिलीने. मी भडकलो. दूधवाला शाईत आणि मी पेन्सिलीत?

काका शांतपणे म्हणाले, "तुमचा डाग एकदाच दिसला, शेठ. मग ढग आले. तिथलं धुळीचं वादळही असेल ते. पुढच्या खेपेला दिसला, तर शाई."

पुढची खेप म्हणजे दोन वर्षांनी. मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मंगळ पुन्हा आला तोवर काकांची नजर पार गेली होती. "आता बघायचं तुम्ही, काढायचं मी," त्यांनी फर्मान काढलं. मला आधी खोकल्याच्या गोळीखेरीज काही दिसेना. पण तीन आठवडे रोज बसल्यावर हळूहळू मावशी आल्या, आत्या आली. काका शेजारी नकाशा मांडीवर घेऊन, पेन उघडून बसलेले.

"आत्याच्या डावीकडे, शेठ?"

जुनं लेथ मशीन रंग मारून नव्यासारखं विकलेला माणूस मी. एका शब्दाचं काम होतं, आणि पडताळायला कुणी नव्हतं. डोळ्याला पाणी येईपर्यंत बघत राहिलो.

"काही नाही, काका."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना एकदा."

त्यांनी चाचपडत खोडरबर घेतलं आणि आत्यालाच पुसायला निघाले. मग मीच त्यांचं बोट धरून माझ्या नावावर नेलं. पुसून झाल्यावर त्यांनी कागदावर फुंकर मारली आणि हात फिरवून तो गुळगुळीत असल्याची खात्री केली.

त्यानंतर मंगळ आला तेव्हा काका नव्हते. दुर्बीण त्यांनी माझ्याकडे ठेवली होती. मी गच्चीत एकटाच बसलो, बराच वेळ आत्याच्या डावीकडे बघितलं, आणि विचारणारं कुणी नसतानाही "काही नाही, काका," असं मोठ्याने सांगून खाली आलो.