पावसाच्या पाण्याचे आठ गुण

तात्या मिस्त्री कुठल्याही नव्या इमारतीत शिरले, की आधी दिवा बंद करायचे. मग खोलीच्या मधोमध मांडी घालून बसायचे, पिशवीतला पेपर काढायचे आणि सगळ्यात बारीक अक्षरांतल्या जाहिराती मोठ्यांदा वाचायला लागायचे. वाचता आल्या तर खोली पास. नाहीतर पेपरची घडी घालून मालकाच्या तोंडावर सांगायचे, "खोली नापास हाय. दिवसा दिवा लागतो ती खोली न्हवं, बोळ हाय बोळ."

सांगलीत मी पहिल्यांदा स्वतः आखलेलं घर त्यांनी असंच नापास केलं. मला इंजिनिअर होऊन वर्षही झालं नव्हतं आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तात्या शांतपणे वाचत होते, "वधू पाहिजे. शिकलेली, मनमिळाऊ..." मग थांबून माझ्याकडे बघत म्हणाले, "फुडचं दिसत न्हाई, ताई. तुमाला पायजे आसंल तर भाईर जाऊन वाचतो." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप खिडक्या मोठ्या केल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वडूजजवळच्या तात्यांच्याच गावात वाचनालय बांधायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. मी नकाशा काढला, तात्यांनी पेन्सिलीनं तो निम्मा खोडला आणि इमारत उभी राहिली दगड, चुना आणि कौलांची. त्याच सुमारास पुण्यातल्या एका संस्थेनं निसर्गाला धरून बांधलेल्या इमारतींना गुण देऊन प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली होती. उजेडाचे इतके, जवळच्या दगडाचे इतके, पावसाचं पाणी साठवण्याचे इतके. शंभरात साठ मिळाले की पास. मी अर्ज भरला. सरपंचांनी भर सभेत सांगून टाकलं, की प्रमाणपत्र आलं तर शाळेच्या सहा खोल्याही तात्याच बांधतील, नाहीतर सिमेंटचा स्लॅब टाकणारा ठेकेदार तयारच आहे. तात्यांची नातवंडं त्या शाळेत पत्र्याखाली भाजत होती. त्या खोल्यांसाठी त्यांचा जीव नुसता वरखाली होत होता.

गुणांचा तक्ता त्यांनी तोंडपाठ केला. "ताई, जुनी दारं वापरल्याचं किती?"

"पाच."

"लाकडाला दुसरा जलम दिला, त्याचं पाचच? लय कंजूष मानसं हायत." असं म्हणत ते आणखी दोन जुनी दारं शोधायला निघायचे. त्यांचा उत्साह मलाही चढला होता. रोज संध्याकाळी आम्ही बेरीज करायचो आणि रोज ती दोन-चार गुणांनी वाढायची.

तपासणी ठरली ऐन वैशाखात. कौलांखालची पन्हळ दिवाळीनंतर बसवलेली, त्यामुळे पावसाची टाकी ठणठणीत कोरडी. पुण्याचे पाहुणे येणार आणि त्यांना रिकामी टाकी दाखवायची, हे गावाला कसंसंच वाटलं. तात्या स्टँडवर पाहुण्यांना आणायला गेलेले असताना गावकऱ्यांनी टँकर मागवून टाकी काठोकाठ भरली. मी समोर उभी होते. तोंडातून शब्द काढला नाही.

परीक्षक नेमस्त गृहस्थ होते. टाकीपाशी येईपर्यंत आमचे पंचावन्न गुण झाले होते. त्यांनी झाकण उचललं, आत डोकावून बघितलं आणि "वा, पूर्ण आठ," म्हणत कागदावर पेन टेकवलं. त्रेसष्ट. मी मनातल्या मनात उडी मारली. तात्यांनीही वाकून आत बघितलं.

"सायेब, थांबा," ते म्हणाले. "ह्ये पाणी टँकरचं हाय. पावसाचा थेंबबी ह्यात अजून आला न्हाई."

परीक्षकांनी आठ लिहिले नाहीत. "पावसाळ्यानंतर पुन्हा बघू," एवढंच म्हणाले. सरपंच तात्यांच्या अंगावरून तडक निघून गेले. माझा तोल सुटला. "तात्या, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? शाळा गेली ना हातची!"

"आवं ताई, शाळंचीबी टाकी आशीच बांधायची हाय. ही पाणी धरती का न्हाई, मलाच अजून ठावं न्हाई. आन् पोरं काय तुमचा कागद पिनार हायत व्हय?"

 मला लाज वाटली, ती अजूनही वाटते.

दसऱ्याच्या आधी एके सकाळी तात्या एसटीनं सांगलीला आले. ऑफिसात शिरून त्यांनी माझ्या टेबलावर पाण्यानं भरलेली बाटली ठेवली. त्यांना धाप लागली होती आणि चेहरा नुसता फुलला होता. "पावसाचंच हाय. टँकरचं समदं पाणी झाडास्नी घालून टाकी कोरडी केली हुती. चार बोटं कमी, न्हायतर टाकी भरली. कवा येत्यात तुमचं सायेब?" परीक्षक आले, टाकी बघितली, आठ गुण लिहिले. सरपंचांनी दिलेला शब्द पाळला आणि तात्यांनी दोन वर्षांत सहाही खोल्या उभ्या केल्या. शाळेची टाकी त्यांनी वाचनालयाच्या दुप्पट खोल खणली.

त्यानंतर काही वर्षांनी ते गेले, तेव्हाही उन्हाळाच होता. पाऊस जेमतेम झाला होता, विहिरी आटल्या होत्या आणि गावचा टँकर तीन दिवस फिरकला नव्हता. मातीला शे-दोनशे माणसं लांबून आली होती. शाळेतली मुलं शाळेच्या टाकीतून कळशा भरभरून आणत होती आणि प्रत्येकाला पाणी देत होती. मी दोन तांबे प्यायले.